दोन हात फिल्म

वरच्या मजल्यावरची मुलगी सकाळी सहापासून गच्चीत येरझाऱ्या घालत पाठांतर करते. दहावीला आहे. तिच्या चपलांचा आवाज माझ्या डोक्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, वळतो, परत येतो. मधेच थांबतो. थांबला की मी चहाचा कप हातात धरून वर बघत राहते. ती अडली असं मला वाटतं, आणि ती अडली की पुढचं सांगावंसं वाटतं. चौतीस वर्षं शाळेत शिकवल्यावर माणसाला ही खोड लागतेच. पण माझी चुळबुळ तेवढ्यापुरती नाही. मार्च लागला, लिंबाची पिवळी पानं दारात पडायला लागली, की माझे पाय घरात ठरत नाहीत. कपाट उघडते, बंद करते. स्वयंपाकघरात जाते आणि कशाला आले ते विसरते. पलंगावरून आई विचारते, "काय हुडकाय लागलीयास गं सारखी?" मी म्हणते, "काही नाही."

आई चौऱ्याऐंशीची आहे. कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत, नजर तेवढी अधू झालेली. मी जे हुडकत नाही म्हणून सांगते ते तिच्याच पलंगाखालच्या ट्रंकेत आहे, माझ्या दहावीच्या कंपासपेटीत. कर्कटक आणि कोनमापक कधीच हरवले. पेटीत आहे ती दोन हात लांबीची सिनेमाची फिल्म, गुंडाळी करून ठेवलेली. ती मी तिच्यापासून शेहेचाळीस वर्षं लपवली आहे.

परीक्षा म्हटलं की इतरांना हॉलतिकीट आठवतं, पुरवण्या बांधायचे दोरे आठवतात. मला आधी आठवतो गुळाचा वास. त्याचं असं आहे, की परीक्षेच्या दिवसांत थेटरं ओस पडत. पोरं अभ्यासाला बसलेली, त्यांच्यावर पहारा ठेवायला आई-बाप घरात. अशा ओसाड हंगामातल्या एका रविवारी आमच्या मंगळवार पेठेजवळच्या एका थेटराचा मालक सकाळचा खेळ पेठेला देऊन टाकायचा, आणि त्या खेळाला पेठ दरवर्षी एकच पिक्चर लावायची. त्या पिक्चरचं खरं नाव लांबलचक आणि जड होतं, ते कुणी घेत नसे. आम्ही त्याला 'आपला पिक्चर' म्हणायचो. तो आपला का, तर तो इथल्याच स्टुडिओत झाला होता आणि त्यातली फौज, दरबारी, मारेकरी, पाणवठ्यावरच्या बायका, झाडून सगळी माणसं आमच्या पेठेतली होती. नायक-नायिका तेवढे बाहेरचे. त्यामुळे त्या दोघांकडे कुणी बघत नसे.

कोल्हापुरात तेव्हा घरटी एक माणूस सिनेमात काम केलेला निघायचा, आणि उरलेल्यांतला प्रत्येक जण 'करणार होतो' म्हणणारा. पण आपला पिक्चर मात्र साफ पडला होता. चार दिवस चालला म्हणतात, त्यातले दोन पेठेच्या जिवावर. मग त्याचे डबे निर्मात्याच्या मेहुण्याकडे, शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडतीवर माळ्यावर जाऊन पडले. वर्षातून एकदा तिथून हातगाडीवरून आमच्या गल्लीत यायचे. झाकण उघडलं की आधी मुंग्या बाहेर पडायच्या आणि मग गुळाचा वास. सिनेमाच्या फिल्मला गुळाचा वास येतो, अशी माझी लहानपणी पक्की समजूत होती.

चित्रपट म्हणून तो काय लायकीचा होता ते सांगायला नको. राजवाड्याचे खांब पडद्यावर रंगवलेले, वारा आला की राजवाडा हलायचा. खलनायकाच्या मिशा एका प्रसंगात वर, दुसऱ्यात खाली. आमच्या तालमीतला एक गडी लढाईत तीनदा मरायचा, आणि तिसऱ्यांदा पडला की अख्खं थेटर ओरडायचं, "आरं, कितींदा मरशील?" एका सरदाराच्या मनगटावर घड्याळ राहिलं होतं. तो तलवार उपसायचा आणि इकडून एक जण विचारायचा, "किती वाजलं, सरदार?" सगळं थेटर एका आवाजात उत्तर द्यायचं, "साडेधा!" राजपुत्राच्या लग्नात बायका घरून आणलेल्या अक्षता पडद्याच्या दिशेनं टाकायच्या. मग छपरातली कबुतरं तांदूळ टिपायला खाली उतरायची आणि त्यांच्या सावल्या नवऱ्या मुलाच्या तोंडावरून फिरायच्या. आता कुठंतरी वाचते, की परदेशात लोक असे पडेल सिनेमे डोक्यावर घेतात, पात्रांसारखे कपडे करून जातात, संवाद ओरडतात. वाचून मला हसू येतं. आम्ही त्याला काही नाव ठेवलं नव्हतं, एवढाच फरक.

पण त्यातही एक शिस्त होती. पडद्यावर आपलं माणूस आलं की लोक त्याचं नाव घेऊन हाळी द्यायचे. ते माणूस वारलेलं असलं तर क्षणभर थेटर गप्प व्हायचं, टोप्या निघायच्या. आणि जिवंत असलं तर त्यानं जागेवर उभं राहायचं, पडद्याकडे पाठ करायची आणि लोकांना नमस्कार करायचा. ही पाठ करायची पद्धत कुणी पाडली ठाऊक नाही. पडद्यातून उतरून तो थेट आपल्यासमोर येऊन उभा राहिला, असं दिसायचं खरं. मागं पांढऱ्या उजेडात तोच माणूस वीस वर्षांनी तरुण, भाला घेतलेला, आणि पुढं टक्कल पडलेला, हात जोडलेला. सगळे शिट्ट्या मारायचे. मी मात्र ते बघताना खुर्चीच्या दांड्यावर नखं घासत बसायचे.

कारण पाणवठ्याचा प्रसंग आला की नावाची हाळी पडायची, "शालाक्का!" आणि कुणीच उभं राहायचं नाही.

शालन म्हणजे माझी आई. पाणवठ्यावर नायिका घागर भरते तेव्हा तिच्या मागं चार बायका आहेत. त्यांतली डावीकडची, सतरा वर्षांची, एकदम मान वळवते आणि चौकटीबाहेर कुणाकडे तरी बघून हसते. असं मोकळं, दात दाखवून, खांदे हलवून हसते, की नायिकेचं सगळं दुःख वाया जातं. माझ्या लहानपणी ते हसू चार-पाच सेकंद तरी असेल. मी वर्षभर त्या चार-पाच सेकंदांची वाट बघायचे. घरातली आई अशी कधी हसत नसे. घरातली आई ओठ मिटून हसायची, तेही पदर आडवा धरून, आणि लगेच म्हणायची, "चला, कामं पडल्यात."

ती आपला पिक्चर बघायला कधी आली नाही. नाना, म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून होते. ते जायचे, पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे आणि घरी येऊन सांगायचे, "शालन, आज पण दिसलीस हं." आई तव्यावरची नजर काढायची नाही. "ती मी न्हाई," म्हणायची.

"मग कोण हाय?" मी विचारायचे.

"असंल कोणतरी."

"सगळी पेठ म्हणतीया तूच हायस."

"पेठेला काय उद्योग हाय? ती मी असते तर हितं भाकऱ्या थापत बसले असते व्हय?"

हे वाक्य ती दरवर्षी जसंच्या तसं म्हणायची. मला ते खोटं वाटायचं नाही, हीच माझी पंचाईत होती. खरोखर ती पडद्यावरची पोरगी आणि ही बाई एक असणं कठीण होतं. पण गालावरचा तीळ दोघींच्या त्याच जागी होता. ती पोरगी कशाला हसते, कुणाला हसते, आणि मग तिचं काय झालं, हे मला कळायलाच हवं होतं. तिला माझ्या आईनं एकदा, फक्त एकदा, 'मीच ती' म्हणावं, यासाठी माझा जीव नुसता तडफडायचा.

थोडंफार कळलं ते दत्तूमामाकडून. दत्तूमामा आमच्याच गल्लीतला, थेटरात ऑपरेटर होता. पिक्चर झाला तेव्हा तो स्टुडिओत दिवे उचलायचा. त्यानं सांगितलं, की आई मैत्रिणीबरोबर तीन दिवस गेली होती. तिसऱ्या दिवशी डायरेक्टरनं तिला बाजूला बोलावून पुढच्या पिक्चरमध्ये दोन वाक्यं बोलायला देतो म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी ती आत शिरण्याआधीच आजोबा स्वतः स्टुडिओच्या फाटकात येऊन उभे राहिले. "हाताला धरून न्हेलं बघ. आरडाओरडा न्हाई, काय न्हाई. त्या सालीच लगीन लावलं." मग तो फिल्मची कडा बोटानं तपासत म्हणाला, "लई हौशी हुती गं तुझी आई."

दत्तूमामाची पडवी म्हणजे खेळाच्या आदल्या दिवशीचं आमचं देऊळ. शनिवारी दुपारी तो डबे उघडून सगळी रिळं हातानं फिरवून तपासायचा. फिल्म जुनी, दरवर्षी कुठंतरी तुटायची. तुटली की दोन्ही बाजूंनी खराब झालेला भाग ब्लेडनं कापून टोकं चिकटवायची. चिकटवायच्या त्या औषधाचा वास डोक्यात जायचा. कापलेले तुकडे आधी आम्ही पोरंच उचलायचो. मग एकदा तीनदा मरणाऱ्या गड्याची बायको आली. तो गडी त्या वर्षी खरंच वारला होता. ती म्हणाली, "दत्तूभावजी, त्यांचा एक तुकडा द्या की. घरात फोटू न्हाई." दत्तूमामानं दिला. तिनं तो काचेत बसवून देव्हाऱ्याशेजारी लावला.

झालं. मग कुणाला बापाचा हवा, कुणाला भावाचा, कुणाला स्वतःचा. दत्तूमामा कटकट करायचा, पण नाही म्हणायचा नाही. "आपलीच माणसं हायती," म्हणायचा, "आणि न्हाईतरी शाहूपुरीत मुंग्याच खात्यात." पेठेनं असा आपला पिक्चर दर मार्चमध्ये थोडाथोडा घरी नेला. कुणाच्या मनात आलं नाही, की आपण न्यायला लागलो की बघायला काय उरणार. लढाई आखूड होत गेली. फौजेत माणसं कमी, तलवारींचा आवाज तेवढाच. घड्याळवाल्या सरदाराचा नातू आला आणि सरदारालाच घेऊन गेला. पण गंमत बघा, दुसऱ्या वर्षी ती जागा आली तसा इकडून एक जण ओरडलाच, "किती वाजलं, सरदार?" आणि सगळ्या थेटरानं, पडद्यावर सरदार नसताना, उत्तर दिलं, "साडेधा!" तेव्हा खरे दहा वाजायचे होते. पिक्चर तेवढा आटला होता, पण आमचं साडेदहा जाग्यावर होतं.

आईचा तुकडाही आटत होता. त्याच्या मागं-पुढं फिल्म तुटायची, चार बोटं इकडून जायची, चार तिकडून. नववीत मी मनातल्या मनात मोजलं, तीन सेकंद. अजून दोन-तीन वर्षांत ही पोरगी मान वळवेल आणि हसायच्या आत जाईल, असा मी हिशेब घातला आणि त्या रात्री मला झोप आली नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "जाऊ दे की. कुणाचं काय अडतंय?"

आणि मग माझी दहावी आली. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं, भिंतींवरच्या घोषणा अजून पुसट दिसत होत्या. मला वाटायचं आता सगळंच सुटणार, मीसुद्धा. पेपर सुरू व्हायला आठ दिवस होते. उकाड्यानं पुस्तकांची पानं बोटांना चिकटायची. शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी दुपारभर हंबरायच्या. मी पंचांगासारखा इतिहास पाठ करत घरातल्या घरात फिरायचे, उंबऱ्यापासून मोरीपर्यंत, मोरीपासून उंबऱ्यापर्यंत. खेळाच्या आधीच्या शुक्रवारी असं फिरता फिरता मी आईला म्हणाले, "मला पुण्याला जायचंय. कॉलेजला."

"आधी धावी तर हो."

"झाले की मग जाऊ देशील?"

"हितं काय कॉलेजं न्हाईत?"

ती पीठ मळत होती. तिनं मान वर केली नाही, आणि त्याचाच मला राग आला. मी म्हणाले, "तुला तुझ्या बापानं हाताला धरून माघारी आणलं, म्हणून तू मला बी कोंडून ठेवणार. म्हणून तू पिक्चर बघायला येत न्हाईस. त्या पोरीकडं बघायला तू भितीस!"

तिचे हात परातीत थांबले. तव्यावरच्या भाकरीचा वास यायला लागला, तरी तिनं ती उलटली नाही. मग शांतपणे म्हणाली, "भाकरी करपली तुझ्या नादात."

शनिवारी दुपारी मी तणतणत दत्तूमामाच्या पडवीत गेले. पाणवठ्याचं रीळ त्याच्या हातातच होतं. मी म्हणाले, "मामा, आईचा तुकडा द्या. सगळा."

त्यानं चष्म्यावरून बघितलं. "आज दिला तर उद्या पडद्यावर न्हाई दिसायची."

"तशी बी ती कुठं येतीया बघायला?"

"शालाक्काला इचारलंस?"

"तिलाच द्यायचाय."

हे अर्धं खरं होतं. मला तो तिच्यापुढं आपटायचा होता. ती थेटरात येत नसेल तर मी ती पोरगी घरात आणून तिच्या परातीत टाकेन, मग बघू कशी म्हणते ती मी नाही. दत्तूमामानं ब्लेड घेतलं. दोन्ही टोकांना एकेकदा, बारीक आवाज झाला. तुकडा त्यानं माझ्या हाताला लावून मोजला, बरोबर दोन हात भरला. मग उरलेली टोकं जोडून त्यावर तो फुंकर घालत बसला, माझ्याकडे न बघता. मी गुंडाळी परकराच्या खिशात घातली, घरी येऊन कंपासपेटीत टाकली आणि मैत्रिणीकडे अभ्यासाला निघून गेले. दिवेलागणीला परतले तेव्हा आई दारात बसून गहू निवडत होती. तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. आता देऊ, मग देऊ, असं करत मी जेवले आणि झोपले. राग निम्मा उतरला होता, आणि उतरलेला राग घेऊन तो तुकडा आपटता येईना.

रविवारी सकाळी मी वेणी घालत होते. आई मागं येऊन उभी राहिली. अंगावर हिरवी साडी, जी ती फक्त लग्नाकार्यात नेसायची. केसांत अबोलीचा गजरा.

"चल," म्हणाली. "येते मी बी."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? पिक्चरला."

घरापासून थेटर पाच मिनिटांवर. त्या पाच मिनिटांत मी दहा वेळा तोंड उघडलं. वाटेत बायका थांबून म्हणत होत्या, "शालाक्का, आज उगवलीस व्हय गं!" ती सगळ्यांना "व्हय व्हय" करत झपाझप चालत होती, मला तिच्यामागं पळावं लागत होतं. नाना पुढं फेटा बांधून निघालेले. त्यांना तर लग्नाच्या वरातीत असल्यासारखं झालं होतं. मी कोणत्या तोंडानं सांगणार होते, की आई, इतकी वर्षं तू त्या पडद्यावर होतीस, आणि ज्या एका दिवशी तू बघायला निघालीस त्याच्या आदल्या दिवशी मी तुला कापून आणलं?

बायकांच्या बाजूला आम्ही बसलो. दिवे गेले. राजवाडा हलला, लोक हसले. आई हसली नाही, सरळ बसून बघत होती. मी दत्तूमामाच्या झरोक्याकडे सारखी मागं वळून बघत होते. फिल्म तुटू दे, वीज जाऊ दे, काहीतरी होऊ दे. आपला पिक्चर दर वर्षी कुठंतरी तुटायचा, पण त्या दिवशी मेला सुरळीत चालला होता. सरदार नव्हता, तरी साडेदहा वाजले. मग देवळाची घंटा झाली. घंटेनंतर पाणवठा, हे पोरासोरांनाही पाठ होतं.

आईनं पदर खांद्यावर घेतला. नायिकेनं घागर उचलली आणि पाण्यात बुडवली, आणि बुडवते न बुडवते तोच पडद्यावर एकदम दरबार आला. पण थेटर कुठं पडद्याकडे बघत होतं? इतकी वर्षं ज्या क्षणाला नाव घ्यायचं त्याच क्षणाला तीनशे माणसांनी हाळी दिली, "शालाक्का!" आणि माझी आई उभी राहिली. दरबाराकडे पाठ करून, हात जोडून. दरबारातल्या मशालींचा उजेड तिच्या केसांच्या कडेला होता. शिट्ट्या, टाळ्या, कुणीतरी उरलेल्या अक्षता आमच्याच अंगावर टाकल्या. नाना पहिल्या रांगेत उभे राहून मागं तोंड करून टाळ्या वाजवत होते. तिनं डावीकडे नमस्कार केला, उजवीकडे केला, वर बाल्कनीला केला, घाई म्हणून केली नाही. एवढा वेळ कुणीच उभं राहत नसे.

बसल्यावर ती धापा टाकत माझ्या कानाशी आली. "दिसली का गं ती पडद्यावर? माझी पाठ हुती."

मी म्हणाले, "दिसली. हसत हुती."

तिनं मान हलवली आणि माझा हात धरला. पिक्चर संपेपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर ती फिल्म मी तिला देणार कशी? दिली असती तर खोटं उघडं पडलं असतं. आज देऊ, निकाल लागल्यावर देऊ, असं करता करता निकाल लागला. पुण्याला मी गेले नाही. नाना म्हणाले, इथंही कॉलेजं आहेत. आई काही बोलली नाही आणि मीही फार भांडले नाही, माझी भांडायची बाजूच लंगडी झाली होती. मला जग बघायचं होतं, मी पेठ वडगावपर्यंत पोचले. तिथल्या शाळेत रोज एसटीनं जाऊन-येऊन आयुष्य काढलं. वाईट गेलं असं नाही म्हणणार, पण खिडकीशी बसले की मी गाडीच्या पुढं पळत असायचे. आई आणखी दोन वर्षं पिक्चरला आली. दोन्ही वर्षं हाळी पडली, दोन्ही वर्षं ती उभी राहिली, पाठ करून. दोन्ही वर्षं मी खुर्चीचा दांडा खरवडला. मग फिल्म इतकी तुटायला लागली, की दत्तूमामानं हात जोडले. घरोघरी टीव्ही आले. दत्तूमामा गेला, नाना गेले. थेटराच्या जागी आता मंगल कार्यालय आहे, तिथं अक्षता टाकल्या तर कुणी हटकत नाही.

काल वरची मुलगी गच्चीत फिरत होती. सव्वाअकरा वाजले असतील, ऊन खिडकीतून आईच्या पांघरुणावर आलं होतं. मी पाचव्यांदा कपाट उघडलं तशी आई म्हणाली, "सुमे, ती कंपासपेटी भायेर काढ आणि मला मोकळं कर. दर उन्हाळ्यात काय ह्यो तुझा नाच!"

मी कपाटाचं दार उघडंच सोडून वळले. "तुला काय माहीत?"

"तू मैत्रिणीकडं गेलतीस तवा दत्तू आलता दारात. म्हणाला, अक्का, पोरीनं तुझा तुकडा न्हेला, तुला द्यायचाय म्हणती. मी वाट बघितली. तू पेटी ट्रंकेत दडवलीस ते बघितलं, पर तू काय देईनास."

"म्हणजे रविवारी तू निघालीस तेव्हा तुला माहीत होतं? पडद्यावर तू नाहीस ते?"

"म्हणून तर आले." तिनं उशीचा आधार घेऊन पाठ सरळ केली. "ती तिथं दात काढून हसणार आणि मी तिच्यापुढं करपलेलं तोंड घिऊन हुबी ऱ्हाणार? लोकांनी कुणाकडं बघायचं? ती न्हाई म्हटल्यावर म्हटलं, आता जावं. आता माझ्याकडंच बघतील. आणि मी इचारलं तर तू मेली खोटं बोललीस. पर बरं वाटलं मला. पोरगी माझ्यासाठी खोटं बोलतीया म्हणून."

शेहेचाळीस मार्च माझ्या पायांतून गेले, आणि ही बाई पलंगावर बसून हे असं सांगत होती. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी ट्रंक ओढली. पेटीचं झाकण गंजून बसलं होतं, चमच्यानं उघडलं. गुळाचा वास मात्र उडून गेला होता, नुसता पत्र्याचा येत होता. मी फिल्म उलगडून दोन्ही हातांनी खिडकीच्या उजेडात धरली आणि आईनं पेपर वाचायचं भिंग डोळ्याला लावलं. एकेका चौकटीवरून तिचं भिंग खाली सरकत गेलं. मधे थांबलं.

मला इतकी वर्षं जे विचारायचं होतं तेच मी विचारलं. "कशाला हसतीया गं ही?"

"हसू नको तर काय करू?" आई भिंगातून नजर न काढता म्हणाली. "घागरी कागदाच्या लगद्याच्या, वरनं पितळी रंग दिलेल्या. कडंला, क्यामेऱ्याच्या भायेर, माझी मैत्रीण. तिनं पाण्यात बुडवली आणि वर काढली तर बूडच खाली ऱ्हायलं! आणि डायरेक्टर तिकडनं वरडतोय, गंभीर, गंभीर. मला काय ते आवरंना. लई परयत्न केला, पर आवरंचना..."

आणि ती हसायला लागली. दात नाहीत, पदर आडवा धरलेला नाही, खांदे हलताहेत. वर गच्चीतली पावलं थांबली, बहुतेक आवाज ऐकून. माझे हात वर धरून दुखायला लागले होते. "खाली घेऊ का?" मी विचारलं.

"थांब की जरा," आई म्हणाली. "आत्ता कुठं बघाय लागले मी मला."